बिडाचा तवा आणि न चाखलेलं बेकन

उभ्या जन्मात मी बेकन चाखलं नाही. बोटानंही कधी शिवले नाही. तरी ते घरी कसं भाजावं हे सबंध लातुरात माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. हसू नका. अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, "आपा, खानावळीचं काहीतरी लिहा, पण वरण-भाताचं नको, ते सगळेच लिहितात." म्हटलं, मग हे घ्या.

मी मेहरुन्निसा, मेसवरच्या सगळ्यांची आपा. माहेर लोह्याचं, सासर लातूरचं. आधी किल्लारीकडे भूकंपानंतर घरं बांधत होते तिथं साइटवर मेस चालवली, मग लातुरात ट्यूशनच्या पोरींची. आता मेस बंद आहे. दुपारी गच्चीवर बाज टाकून पडते. डोळा लागायच्या बेतात असला की कानात एक आवाज सुरू होतो. तव्यावर चरबी सुटत असते, तो आवाज. आधी चरचर, मग बारीक चुरचुर, मग जवळजवळ काहीच नाही. त्या आवाजाच्या मागं मागं मी कधी किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाते, कधी माझ्याच गच्चीवर ग्रेसीच्या शेजारी येऊन बसते. मधली वर्षं कुठं जातात कळत नाही. नातीला म्हटलं, मी बोलते तसं लिही, सरळ करायला जाऊ नको.

ग्रेसीपासूनच सांगते, कारण जीव तिच्यात अडकला होता.

ती वसईची. पावसाळ्याच्या तोंडी आली, बारावीला. तेव्हा आमच्या गल्लीत दर घराच्या गच्चीवर खोल्या चढत होत्या आणि प्रत्येक खोलीत कुणाच्या तरी घरची एक पोर डॉक्टर व्हायला येऊन राहत होती. किल्लारीच्या साइटवर माझ्या मेसला असणारे परेरासाहेब, त्यांची ही लेक. साहेब त्याच उन्हाळ्यात गेले होते. बसल्या जागी, हार्टनं. तिच्या आईनं फोनवर सांगितलं, "आपा, हे नेहमी म्हणायचे, पोरीला शिकवायचं तर लातुरात, आणि लातुरात आपा आहे. म्हणून तुमच्या भरवशावर ठेवतेय." मी म्हटलं, बिनघोर राहा.

बिनघोर कसलं! पोर ताटावर बसायची, भाकरीची घडी घालायची, घडीची परत घडी घालायची, आणि उठून जायची. वरणाला हात नाही, अंड्याला नाही. बाकीच्या पोरी माझं डोकं खायच्या, "आपा, आज पण वांगंच का हो?" ही एका शब्दानं बोलायची नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईला तक्रार करणाऱ्यांची भीती नसते, बायांनो. गप्प उठणाऱ्यांची असते. एक दिवस बघते तर हिची बॅग भरून दाराशी ठेवलेली.

"काय करून राहिलीस गं?"

"आपा, मी रविवारी घरी जाणार. मला नाही जमणार."

"क्लास जमंना का जेवण जमंना?"

"काहीच नाही जमत. बाबांना वाटायचं मी डॉक्टर व्हावं. आता बाबाच नाहीत."

मी म्हटलं, "रविवारपर्यंत माझी आहेस ना? मग रविवारपर्यंत थांब." म्हटलं खरं, पण तोवर करायचं काय याचा मला पत्ता नव्हता. गच्चीवर येऊन बसले. समोर भिंतीला खिळा, खिळ्याला तारेनं टांगलेला बिडाचा तवा. काळा, जड, उभ्या काठाचा, लांब दांड्याचा. तिच्या बापाचा.

तो तवा तिथं कसा आला ते ऐका.

भूकंपानंतरचं वर्ष. जुन्या गावाच्या जागी दगडांचे ढीग, आणि लांब काळ्या रानात चुन्याच्या रेघा मारून नवं गाव आखलेलं. कुणी कुणाला फार काही विचारायचं नाही. सकाळी धुकं असलं की त्या रेघांवरून माणसं चालायची, तेव्हा वाटायचं घरं उभी आहेत, फक्त आपल्याला दिसत नाहीत. त्या साइटवर माझी मेस. माझा नवरा ट्रकवर होता, तो गेल्यावर हेच काम हाती आलं. शेडमध्ये दोन चुली. एका चुलीवर मी, मटण-अंड्याची. दुसरीवर रुक्मिणबाई, सोवळ्याची म्हणा. रुक्मिणबाई किल्लारीचीच. घर गेलं, घरातली माणसं गेली. ती भाकऱ्या थापायची आणि थापता थापता लांब बघत राहायची. तिच्या चुलीवर स्टोअर सांभाळणारे शिवलिंगप्पा जेवायचे, गळ्यात लिंग असलेले, कांदासुद्धा बघून खाणारे. माझ्या चुलीवर नांदेडचे चाँदमिस्त्री आणि त्यांचे गवंडी. भांडी वेगळी, पण ताटं मांडायची एकाच सतरंजीवर. त्या दिवसांत एकट्यानं जेवणं कुणाला सोसत नव्हतं, म्हणून ते जमलं होतं.

परेरासाहेब इंजिनियर. वसईकडचे, बोलायला आपल्यासारखेच मराठी, स्वभावानं लोणी. सुट्टीहून आले की डब्यात बेकन आणायचे. आता बेकन म्हणजे काय ते सांगते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डुकराच्या पोटाकडचं मांस, मीठ लावून मुरवलेलं, धुरी दिलेलं, पातळ पट्ट्या कापलेलं. आमच्यात हराम. शिवलिंगप्पांच्या तर कल्पनेतही न बसणारं. साहेब शेडच्या मागं स्टोव्ह पेटवायचे, तवा लालभडक करायचे आणि पट्ट्या टाकायचे. मग धूर! असा धूर आणि असा वास की गवंडी थापी टाकून उठायचे. पट्ट्या बाहेरून कोळसा, आतून रबर. साहेब बिचारे ते चावत बसायचे.

चाँदमिस्त्री एक दिवस म्हणाले, "आपा, साहेब आदमी हिरा आहे, पण ह्या धुराचं काही तरी करा. न्हाई तर आमची पोरं दुसरीकडं जेवतील." शिवलिंगप्पा तर दोन दिवस नुसतं ताक पिऊन राहिले.

मग मी नाकाला पदर लावला आणि शेडच्या मागं गेले. चार हात लांब उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मला ह्यातलं काही कळत नाही. पण माझ्या माहेरी बकरी ईदनंतर मटणाच्या पट्ट्या करतात. मीठ-हळद चोळून दोरीवर उन्हात वाळवतात. खारी आणि चरबीची गोष्ट, तुमच्या ह्याच्यासारखीच. ती तापल्या तव्यावर कुणी टाकत नाही."

"मग?"

"स्टोव्ह बंद करा आधी."

त्या दिवशी त्यांनी माझ्या सांगण्यानं भाजलं. तवा थंड पाहिजे. पट्ट्या थंड तव्यावर अंथरायच्या, एकीचा पाय दुसरीवर पडू द्यायचा नाही. मग खाली बारीक आच. घाई करायची नाही. चरबी थंडीत झोपलेली असते, तिला हळू उठवली तर ती आपल्या पायानं बाहेर येते. एकदम आग लावली की ती आतल्या आत कोंडते आणि वरचं जळतं. तेलाचा थेंब घालायचा नाही, मीठ तर नाहीच. पट्टी जाड असली तर सुरुवातीला चमचाभर पाणी घालावं. पाणी उडून जाईपर्यंत चरबी वितळायला लागते, करपत नाही. आणि कान द्यायचा. चरचर आहे तोवर आत पाणी आहे. आवाज बारीक झाला की उलथायचं. आवाज बसायला लागला की काढायचं, डोळ्याला थोडं मऊच वाटतं तेव्हा, कारण कागदावर ठेवल्यावर ते कडक होतं. तव्यात राहिलेली चरबी फेकायची नाही, तिच्यात अंडं सोडायचं.

साहेबांनी एक पट्टी तोंडात टाकली. कर्रकन आवाज आला. म्हणाले, "आपा, माझी आई ओव्हनमध्ये ताटलीवर लावून करते, उलथावं लागत नाही, एकसारखं होतं. मला वाटायचं ओव्हन नाही म्हणून मला जमत नाही."

"ओव्हनमध्ये काय, आच सगळीकडून हळूच लागते ना? तेच हे."

"मला आमच्या ग्रेसीला करून घालता येईल आता. तिला त्या चरबीतलं अंडं फार आवडतं."

ग्रेसीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, नाकाला पदर लावून. तेव्हा ती बोबडं बोलत होती. पुढं साहेब दर खेपेला तिच्या गमती सांगायचे आणि मी लांबून आवाज ऐकून ओरडायची, "साहेब, उलथा!" धूर संपला. मेस वाचली असं मला वाटलं.

पण खरा घोटाळा दसऱ्याला झाला.

आमच्याकडं नवरात्राच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं चिंधूक-भांडं सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, उन्हात वाळवायचं. बायका आठ दिवस त्यातच असतात. रुक्मिणबाईला काढायला घर नव्हतं. मी बाजाराला गेले होते. परत आले तर शेडसमोर ऊन नुसतं चमकत होतं. पातेली, पराती, ताटं, झारे, माझ्या चुलीची, तिच्या चुलीची, सगळी एका हौदात घासलेली, एका रांगेत पालथी घातलेली. आणि मधोमध, शिवलिंगप्पांच्या वरणाच्या पातेल्यावर, तो बिडाचा तवा.

रुक्मिणबाई पदराला हात पुसत आली. त्या वर्षात पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं. "आपा, बगा की. दसरा काढला म्या. त्यो मागचा तवा लई घान झाला व्हता, त्याला बी घासला."

तिला काय बोलू? ती भूकंपात सगळं घालवून बसलेली बाई, हे तिचं घर म्हणून तिनं धुतलं. आणि मेस? मिस्त्री उठून गेले असते, शिवलिंगप्पा गेले असते, आणि त्यांचं बरोबरच असतं. माझी चूल विझली असती. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, हेही मनात आलं. पण लोक माझ्या भांड्यात डोळे मिटून हात घालत होते. ते डोळे मिटणं हीच माझी कमाई होती.

संध्याकाळी सतरंजीवर सगळे बसले आणि मी उभी राहून सांगितलं. असं असं झालं. रुक्मिणबाईनं मायेनं केलं. आज ह्या भांड्यांत मी कुणाला वाढणार नाही.

रुक्मिणबाईला आत्ता कुठं कळलं. ती रडायला लागली. परेरासाहेब उठले, "मी तवा विहिरीत टाकतो आपा," म्हणाले. चाँदमिस्त्रींनी त्यांचा हात धरला. "बसा साहेब. पाण्यानं धुतलं की आमचं भांडं पाक होतं. सात पाण्यानं धुवा आपा, आम्ही जेवू."

सगळे शिवलिंगप्पांकडं बघायला लागले. ते रुक्मिणबाईकडं बघून म्हणाले, "बाई, रडू नका. भांडी आगीतून काढा. आगीतून निघाल्यावर काय ऱ्हातंय? मी जेवतो."

तर औशाहून कल्हईवाला बोलावला. तोवर सगळ्यांनी कागदावर मुरमुरे आणि पेरू खाल्ले, साहेबांनीसुद्धा. अजून मला स्वप्नात तो दिवस दिसतो. भात्याची फुसफुस, नवसागराचा पांढरा धूर, आणि काळवंडलेल्या पातेल्यात कापसाचा बोळा फिरतो तसं चांदणं पसरत जातं. चांदण्याभोवती आम्ही सगळे उभे. रुक्मिणबाई सगळ्यांत पुढं. पहिलं पातेलं थंड झालं तसं शिवलिंगप्पांनी ते स्वतः उचललं आणि तिच्या चुलीवर ठेवलं. "वरण टाका बाई, भूक लागलीय."

गाव बांधून झालं, साहेबांची बदली झाली. जाताना तवा गोणीत घालून माझ्यासमोर ठेवला. "आपा, हा इथंच असू दे. मी परत येईन, ग्रेसीला घेऊन येईन. तुम्ही लांबून ओरडा, मी भाजेन."

मी म्हटलं, "अमानत आहे. सांभाळते."

अमानत सांभाळायची म्हणजे शिवायचं नाही असं माझं होतं. रुक्मिणबाई माझ्याबरोबर लातूरला आली, तिनंच तो गच्चीवरच्या खिळ्याला टांगला. दरवर्षी दसरा काढायची तेव्हा त्याच्यासाठी वेगळं घमेलं, वेगळी राख, वेगळं काथ्याचं घासणं. घासताना मला हाक मारायची, "आपा, बगा, एकटाच धुतीय बरं का!" आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. साहेब काही आले नाहीत. नोकरी, बदल्या, माणसाचं राहूनच जातं. साहेब गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात रुक्मिणबाई वारली. आणि मग ग्रेसी आली, भरलेली बॅग दाराशी ठेवून.

गच्चीवरून मी वसईला ग्रेसीच्या आईला फोन लावला. म्हटलं, "बाई, तुमच्याकडं ते बेकन मिळतं ना? बर्फात घालून ट्रॅव्हल्सनं पाठवा."

त्या म्हणाल्या, "आपा, तुम्ही मागताय?"

"हाव, मीच मागतेय."

भांड्यांनी एक गोष्ट मला शिकवली होती. दुपारी मी सगळ्या पोरींना सांगून टाकलं. गच्चीवर, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या तव्यात, अमुक एक वस्तू शिजणार आहे. माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ती ओलांडणार नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी मेस बदला, मी रागावणार नाही. दोघींनी बदलली. वाईट वाटलं, पण मी कुणाला अडवलं नाही.

शनिवारी सकाळी ग्रेसीला वर नेलं. तव्याकडं बोट केलं. "काढ तो."

तिनं काढला. दोन्ही हातांनी पेलावा लागला. "कुणाचा आहे?"

"सांगते. आधी घासून घे. मग तुझ्या आईनं पाठवलंय ते लाव."

पोरीनं काय केलं, स्टोव्ह भडकवला आणि तवा तापत ठेवला. अगदी बापासारखं. मी नाकाला पदर लावला, चार हात लांब सरकले आणि ओरडले, "बंद कर आधी! थंड तव्यावर लाव. एकीचा पाय दुसरीवर नको. आता बारीक आच. घाई नको. कान दे."

ती उलथणं हातात धरून तशीच थांबली. माझ्याकडं वळली. "हे बाबा म्हणायचे," ती म्हणाली. "अस्संच. दर रविवारी. 'घाई नको, कान दे.' मला वाटायचं, त्यांचीच काहीतरी गंमत आहे."

"त्यांचीच होती. किल्लारीला, ह्याच तव्यावर शिकले ते."

मग मी तिला सगळं सांगितलं. शेड, धूर, दसरा, कल्हई, तिच्या बोबड्या बोलाच्या गोष्टी. तव्यावर चरचर चालली होती. सांगता सांगता आवाज बारीक झाला तसं आम्ही दोघी एकदम म्हणालो, "उलथा!" आणि पोर रडायला लागली. बाप गेल्यापासून रडली नव्हती म्हणे. मला जवळ घेता येईना, तिचे हात माखलेले, आणि माझा पदर नाकाला. मी तिथूनच म्हणत राहिले, रड बाळा, रड, आच बारीक आहे, काही करपत नाही.

चरबीत तिनं अंडं सोडलं. खालून मी भाकरी आणून दिली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. मग विचारलं, "आपा, दुपारी काय आहे?"

"वांगं."

"परत वांगं?"

तिची पहिली तक्रार. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. रविवारी बस गेली, ती गेली नाही.

डॉक्टर झाली का, विचाराल. नाही झाली, गुण थोडे कमी पडले. माझ्या जिवाला ते अजून लागतं. तिला फारसं लागत नाही. आता नर्सिंगच्या पोरींना शिकवते आणि त्यांच्यावर माझ्यासारखी ओरडते असं तिची आई सांगते.

परीक्षा झाल्यावर ती निघाली त्या दिवसाचं सांगून थांबते. ती खोली आवरत होती. मी गच्चीवर आले. तवा खिळ्याला होता. वर्षाची धूळ, वापराचा काळा थर. अमानत परत द्यायची तर धुवून द्यावी लागते, आणि धुवायला रुक्मिणबाई नव्हती. मग तिचं घमेलं काढलं, तिची राख घेतली, बाह्या वर केल्या आणि तवा खिळ्यावरून काढला. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. आतून घासला, बाहेरून घासला, दांडा घासला. पाण्यावर पाणी ओतलं. उन्हात वाळवला, तेलाचं बोट फिरवलं, आणि माझ्या जुन्या ओढणीत बांधला.

मान वर केली तर ग्रेसी जिन्यात उभी.

"आपा," ती म्हणाली, "तुम्ही हात लावला?"

"हाव, लावला," मी म्हटलं. "हातांचं काय गं, धुता येतात."